डिकी उघडा, पावणं

माझं नाव-गाव विचारायच्या आधी त्या माणसानं मला पायातल्या चपला काढून हातात द्यायला सांगितल्या.

गडमुडशिंगीत त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडसमोर आम्ही उभे होतो. आत दहा-बारा कुत्री एका सुरात भुंकत होती. मी अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवते. परक्या माणसाच्या हातात चपला द्यायची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती. पण कुत्रं हवं होतं, म्हणून दिल्या. त्यांनी त्या उलट्या केल्या, पट्टे वाकवून बघितले आणि परत माझ्या पायाशी ठेवल्या.

"फारमात लिवलंय, अकरा वर्सं कुत्रं हुतं घरात," ते म्हणाले. "अकरा वर्सं कुत्रं असल्याल्या घरात चप्पल धड ऱ्हात न्हाय, बाई. ह्या तर कोऱ्या करकरीत हायत."

"नव्या आहेत. मागच्याच महिन्यात घेतल्यात."

"असतील की," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी 'असतील की'चा अर्थ 'नसतील' असा होता, हे मला नंतर कळलं.

त्यांना सगळे जकातवाले मामा म्हणत. कोल्हापुरात जकात होती तेव्हा शहराच्या वेशीवरच्या नाक्यावर त्यांनी अर्धी हयात काढली होती. ट्रक, टेम्पो, बैलगाड्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. पुढं जकात बंद झाली, नाक्यावरची केबिन गेली, मामा कुठल्याशा टेबलावर बसून रिटायर झाले. जकात गेली, पण जकातवाला गेला नाही. पोत्यात खुपसून माल बघायची दोन हात लांबीची लोखंडी सळई त्यांच्या हातात कायम असायची. बोलताना ते माणसाकडं बघत नसत, माणसाच्या आजूबाजूला बघत. सांगायचे, "गाडी रिकामी हाय म्हननाऱ्याचं तोंड बघायचं न्हाय. टायर बघायचं. पावती खोटी करता येती, टायर खोटं करता येत न्हाय."

एकदा वरातीच्या गाडीतला ढोल त्यांनी टिचकी मारून बघितला, आवाज बद्द आला, आणि आतून तुपाचे डबे निघाले. हा किस्सा ते दर भेटीला सांगत आणि दर वेळी डब्यांत एकाची भर पडे. स्वतःच्या मेव्हण्याचा टेम्पोही त्यांनी भर उन्हात उतरवायला लावला होता. तो मेव्हणा अजून दिवाळीला येत नाही, असं मामी सांगायच्या. मामींच्या आवाजात तक्रार नसायची, मेव्हणा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ असूनही.

तर अशा माणसाकडं मी कुत्रं मागायला गेले होते.

आमचा बबन जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. बबन गावठी, तांबूस, एका कानानं पडका. आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते. डेपोत एका बसखाली सापडलेलं पिल्लू त्यांनी शर्टात घालून घरी आणलं. रिटायर झाल्यावर तिकिटांच्या चामडी बॅगेचा पट्टा कापून त्याचा बबनच्या गळ्यातला पट्टा केला. बबन गेला आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मुलगा बाहेरगावी. आम्ही भांडत नव्हतो, भांडलो असतो तर बरं झालं असतं. गॅस संपलाय, दूध आलंय, एवढंच बोलणं. हे पहाटे उठून पायरीवर बसत आणि रिकाम्या फाटकाकडं बघत. मी शाळेत दिवसभर बोलायची आणि घरी आल्यावर तोंडाला कुलूप. असंच चाललं तर आम्ही एका छपराखालचे दोन भाडेकरू होऊन जाऊ, अशी मला धास्ती बसली होती. मला कुत्रं हवं होतं ते त्यासाठी.

एके दिवशी स्टाफरूममधल्या कुणाच्या तरी मोबाईलवर फोटो आला. कॉर्गी जातीचं कुत्रं, चांगल्या घरी द्यायचं आहे. कोल्ह्यासारखं तोंड, परातीएवढे कान आणि पाय जवळपास नाहीतच. यांना दाखवला तर हे बराच वेळ बघून म्हणाले, "पाय मातीत रुतल्यात काय ह्याचं?" सात महिन्यांत यांनी केलेली ती पहिली थट्टा. मी त्याच संध्याकाळी फॉर्म मागवला.

स्टाफरूमनं लगेच सावध केलं. असलं जातिवंत कुत्रं लोक घसघशीत पैसे मोजून घेतात, हा बाबा फुकट देतोय, म्हणजे काहीतरी गोम असणार. आजारी असेल, नाहीतर चोरीचं असेल. मला पटलं. मी पण काही साधी नाही, अठ्ठावीस वर्षं परीक्षेला सुपरव्हिजन करते. कॉपी करणारं पोर कुठं बघतंय ते बघायचं नसतं, कुठं बघायचं टाळतंय ते बघायचं असतं.

फॉर्म तीन पानी होता, हातानं लिहून झेरॉक्स काढलेला. 'घरात माणसे किती? त्यांतील कुत्रे कोणास नको आहे?' 'दुपारी फाटकाची कडी कोण लावते?' 'फरशी शहाबादी की गुळगुळीत?' आणि शेवटच्या पानावर, खाली दोन रेघा मारून, 'मागील कुत्रे कशाने गेले? खरे लिहिणे.'

मी लिहिलं, 'वयोमानाने.'

ते खरं नव्हतं. काय झालं होतं ते सांगते. कोल्हापुरात रविवारी मटण शिजतं, यात सांगण्यासारखं काही नाही. त्या रविवारी सगळं आवरताना मी माझ्या वाटणीची नळी बबनला घातली. नळी म्हणजे पाहुण्याला वाढायची गोष्ट, घरातलं लाडकं माणूस असेल त्याच्यासाठी राखून ठेवायची. कुत्र्याला शिजलेलं हाड घालायचं नाही, हे मी ऐकून होते; पण आपल्याकडं कुणाच्या कुत्र्यानं हाड खाल्लं नाही? सोमवारी बबननं तोंड फिरवलं. बुधवारी तो गेला. डॉक्टरांनी मला आत बोलावून विचारलं, "शिजलेलं हाड घातलं होतं का? त्याच्या कपच्या होतात, आतडं फाटलंय." हे बाहेर रिक्षा बघत होते. मी बाहेर येऊन यांना सांगितलं, पोटात गाठ होती.

रोज सकाळी हॉलमध्ये बुद्धमूर्तीसमोर आम्ही दोघं पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या बुधवारपासून चौथ्याला माझा आवाज खाली यायचा.

पोस्टात टाकायच्या आधी फॉर्म यांनी वाचला होता. यांना मी गाठ सांगितली होती आणि कागदावर वय लिहिलं होतं. एरवी माझी एक वेलांटी चुकली तरी बोट ठेवणारा माणूस. त्या दिवशी नुसता फॉर्म घडी करून दिला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण स्वतःची लपवाछपवी चालू असताना माणसाला दुसऱ्याची दिसत नाही.

त्या पहिल्या भेटीत मामांनी मला शेड दाखवली. कुत्र्यांना नावं नव्हती, गावं होती. जे जिथं सापडलं ते त्याचं नाव. साखर कारखान्याच्या रस्त्यावर सापडलेलं बिद्री, हायवेवरची कागल, आणि एका कोपऱ्यात ओल्या गोणपाटावर ऐटीत बसलेला कॉर्गी, त्याचं नाव चंदगड. भर पावसात, गोव्याकडं जाणाऱ्या कुठल्याशा मोटारीनं त्याला तिथल्या एस.टी. स्टँडवर उतरवून पोबारा केला होता. "यष्टीची वाट बघत बसल्यागत बसलं हुतं तीन दिवस," मामा म्हणाले. भूगोलाच्या बाईला आवडावीत अशीच ती शेड होती, सगळा जिल्हा शेपूट हलवत होता. चंदगडला हलवायला शेपूटही नव्हतं, तो आख्खं ढुंगण हलवायचा.

पण माझं लक्ष शेडच्या भिंतीवर गेलं. तिथं ओळीनं खिळे होते आणि खिळ्यांवर पट्टे. चामड्याचे, नायलॉनचे, घुंगरांचे. प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली. एकीवर 'गेट', दुसरीवर 'मोटार', एकीवर 'उंदराचं औषध', दोन-तीन चिठ्ठ्यांवर 'हाड'. विकलेल्या कुत्र्यांचे पट्टे असणार आणि चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांच्या खुणा, असं मी मनात धरलं. 'हाड' वाचून मात्र मी एक पाऊल मागं सरले. मी विचारलं, "हे काय?"

"पावत्या," मामा म्हणाले, आणि सळईनं मला बाहेरची वाट दाखवली.

पुढच्या आठवड्यात मी न सांगता पुन्हा गेले. म्हटलं, हा माणूस लोकांना तपासतो, याला कोण तपासतंय? घरासमोर मोठी मोटार उभी होती. मी लिंबाच्या झाडामागं थांबले. मोटारवाले नवरा-बायको चंदगडला घ्यायला आले होते. सांगत होते, बंगला आहे, हिरवळ आहे, वॉचमन आहे. नवरा म्हणत होता की देणगी म्हणून हवी ती रक्कम देतो. मी म्हटलं, आता कळेल गोम.

मामांनी विचारलं, "वाचमनचं नाव काय वो?"

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "आम्ही त्याला वॉचमनच म्हणतो."

"किती दीस झालं हाय?"

"चार वर्षं झाली असतील."

"मग ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "राखनदाराचं नाव ठावं न्हाय त्या घरात राखनदार देऊ व्हय मी?"

मोटार धूळ उडवत गेली. मामा पाठमोरेच म्हणाले, "बाई, या आता लिंबामागनं फुडं. चपला बघू."

त्या दिवशी मी मुद्दाम जुन्या घालून गेले होते. डाव्या चपलेचा अंगठा बबननं लहानपणी खाल्लेला. मामांनी त्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. पहिल्यांदा माझ्याकडं, म्हणजे माझ्या तोंडाकडं बघितलं. "हितं कुत्रं हुतं, एवढं खरं," ते म्हणाले. एवढंच. बाकीचं खरं नाही, हे न बोलता आलं.

नंतर आमच्या गल्लीत चौकशी सुरू झाली. इस्त्रीवाला सांगायला आला की एक म्हातारा सळई घेऊन विचारत होता, बाई घरात बोलताना आवाज चढवतात काय. "तू काय सांगितलंस?" "म्हटलं, शिक्षिका हायत." दूध कट्ट्यावर विचारून झालं, किराणावाल्याला विचारून झालं. मला राग आला. पोरीचं स्थळ बघायला सुद्धा लोक इतकी वाकडी वाट करत नाहीत. मी यांना म्हटलं, नको ते कुत्रं, सोडून देऊ. हे एवढंच म्हणाले, "बघू की. येऊ दे त्याला." आणि उठून स्कूटर पुसायला गेले. सात महिन्यांत यांना स्कूटर पुसायचा फार नाद लागला होता.

मामा आले ते डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारी बाराला. न कळवता. तपासणी न कळवताच करायची असते. चहा विचारला तर म्हणाले, "तपासनी चालू असताना चा घ्यायचा न्हाय. नाक्यापासनंची सवय हाय." फाटकाची कडी दोनदा काढून लावून बघितली. दाराच्या पायऱ्या सळईनं मोजल्या आणि म्हणाले, "चंदगडची पाठ लांब हाय, पाय आखूड. पायऱ्या उतरून मनका जातो. हितं उतरण करा." हे म्हणाले, करतो. मग मामा सरळ स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवरच्या भांड्याचं झाकण उचललं. पिठलं होतं.

मामा झाकण हातात धरून उभे राहिले.

"आज रविवार न्हवं?"

"हो."

"बाराला कोल्हापुरात पिठलं? माळकरी हाय काय तुमी?"

गंमत अशी, की बबन गेल्यापासून आमच्या घरात मटण शिजलं नव्हतं आणि त्याबद्दल आम्ही एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं. हे पटकन म्हणाले, "वर्षावास पाळतो आम्ही. पावसाळ्याचे तीन महिने खात नाही."

मामांनी हॉलमधल्या बुद्धमूर्तीला हात जोडले आणि म्हणाले, "वर्षावास अश्विन पुनवंला संपतो, पावणं. नाक्यावरचा माझा जोडीदार बौद्धच हुता, पंधरा वर्सं एका डब्यात जेवलोय आमी. दिवाळी हून महिना झाला की आता."

"यांना कोलेस्टेरॉल आहे," मी म्हणाले.

त्याच क्षणी हे म्हणाले, "हिचे गुडघे दुखतात."

मामांनी झाकण परत ठेवलं. "तीन कारनं झाली. खरं असतं तर एकच निघालं असतं."

मला वाटलं, संपलं. भगवंताच्या मूर्तीसमोर यांनी वर्षावासाची थाप मारली, आणि मी तिला जोड दिली. मामा बाहेर पडले, चपला घातल्या, अंगणात यांची स्कूटर उभी होती तिच्यापाशी थांबले. स्कूटर लख्ख होती. मामांनी सळईचं टोक डिकीवर टेकवलं.

"डिकी उघडा, पावणं."

"डिकीत काय नाही," हे म्हणाले.

मी यांचा चेहरा बघितला नाही, हात बघितला. किल्ली मुठीत होती आणि हे म्हणत होते, "किल्ली आत राहिलीय."

मामा नुसते उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं, ड्रायव्हर दमेपर्यंत उभं राहायचं. शेवटी यांनी डिकी उघडली. पाना, पुसायचं फडकं, गाडीचे कागद, आणि खाली एका स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. मामांनी ते उचललं नाही. यांनीच उचललं आणि उलगडलं. कंडक्टरच्या बॅगेचा तो पट्टा. मी घरभर शोधला होता. हे म्हणाले होते की बबनबरोबर पुरला.

हे माझ्याकडं वळले नाहीत, मामांशीच बोलले. "मी घातली होती नळी. त्या रविवारी. ही हात धुवायला गेली तेव्हा माझ्या ताटातली काढून घातली. हिला डॉक्टरनी गाठ सांगितली. पण मला ठाऊक होतं गाठ नव्हती म्हणून. मी मारलं त्याला. हिला कळलं तर ही माझं तोंड बघणार नाही, म्हणून गप्प बसलो."

मी पायरीवर बसले.

"गाठ डॉक्टरांनी नाही सांगितली," मी म्हणाले. "मी सांगितली. मी पण घातली होती नळी. स्वयंपाकघरात, भांडी काढताना."

सात महिने आम्ही एकाच हाडाचं ओझं दोघांनी वेगवेगळं वाहिलं होतं, एकाच घरात, एकमेकांना चुकवत. कुणाच्या नळीनं बबन गेला ते कुणालाच कधी कळणार नाही. हे माझ्याशेजारी येऊन बसले आणि रडले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, मी यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. मी पण रडले, मोठ्यानं, गल्लीची पर्वा न करता.

मामा खाकरले. "बाई," ते म्हणाले, "चा ठेवा."

मी उठले, आणि दारातच मला आठवलं, तपासणी चालू असताना हा माणूस चहा घेत नाही.

कपबशी हातात घेऊन मामा एवढंच म्हणाले, "माझं कवाच काय चुकलं न्हाय म्हननारी लै येत्यात. त्यास्नी मी देत न्हाय. ती माणसं पुन्ना चुकत्यात." जाताना त्यांनी पट्टा मागितला. हे देईनात. मग दिला.

पंधरा दिवसांनी, अंगणात सिमेंटची उतरण झाल्यावर, आम्ही चंदगडला आणायला गेलो. पैशाचा विषय निघाला नाही, एक पै नाही. तेव्हा मला भिंतीवरच्या पट्ट्यांचा उलगडा झाला. कुत्रं नेणाऱ्या प्रत्येकाच्या आधीच्या कुत्र्याचा पट्टा, आणि चिठ्ठीवर ते खरोखर कशानं गेलं ते. मामांनी आमच्याकडं पाठ करून आमची चिठ्ठी लिहिली, दाखवली नाही. ओळीतल्या पहिल्या खिळ्यावर काथ्याच्या दोरीचा एक जुनाट पट्टा होता. त्याला चिठ्ठी होती, पण कोरी.

"यावर काही लिहिलं नाही?" मी विचारलं.

"त्यो माझा. लिवायचं ऱ्हायलंय," मामा म्हणाले.

चंदगड घरी आला आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या नव्या चपलांचा निकाल लावला. मला इतका आनंद झाला की मी त्या तशाच घालून शाळेत गेले. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं, पुढं भांडणंही. रविवारचं मटण सुरू झालं. हाडं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जात आणि डबा फ्रिजवर, चंदगडनं सात जन्म उड्या मारल्या तरी पोचणार नाही असा. आणि मामा तपासणीला येत. न कळवता येत, पण दर रविवारी बाराला न कळवता येत. त्यामुळं मी भात तिघांचा लावायची. जेवण झाल्यावर ते डबा उघडून ताटातल्या हाडांशी ताळा घ्यायचे. तसं वर्ष-दीड वर्ष चाललं. एवढं होऊन त्यांचा आमच्यावर विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. चंदगडचं वजन वाढलं तर ते चंदगडवरही संशय घेत.

असाच एक रविवार होता. हे गाडीत पेट्रोल भरायला गेले होते. मामांच्या ताटात नळी होती, आणि ते ती खात नव्हते, बोटानं नुसती फिरवत होते. चंदगड त्यांच्या मांडीला हनुवटी टेकून बसला होता.

"बाई," ते म्हणाले, "तुमी दोघं हुतासा, म्हनून बोललासा. एकट्याला बोलायला येत न्हाय." मग म्हणाले, "नाक्यावर असताना माझ्याकडं..."

मी म्हणाले, "थांबा मामा, पांढरा रस्सा आणते." आणि उठले.

परत आले तेव्हा ते चंदगडच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. मला बघून थांबले आणि ढोलातल्या तुपाच्या डब्यांचा किस्सा सांगायला लागले. त्या दिवशी डबे अकरा झाले होते.

गेल्या गळीत हंगामात मामा गेले. सकाळी कुत्र्यांना भाकरी कुस्करून घालताना शेडमध्येच खाली बसले, आणि उठले नाहीत. कुत्र्यांना घरं मिळाली. मामींनी दोन स्वतःकडं ठेवली, आणि सगळ्यांना निरोप धाडला, शेड उतरवायची आहे, आपापले पट्टे घेऊन जावा. आम्ही चंदगडला घेऊन गेलो. तो आत गेला, आपल्या जुन्या कोपऱ्यात बसला, आणि दाराकडं बघत राहिला.

आमच्या पट्ट्याची चिठ्ठी मी पहिल्यांदा वाचली. बाकी सगळ्यांवर एक-दोन शब्द होते. आमच्यावर लिहिलं होतं, 'हाड. दोघांनी सांगितलं.'

यांनी ती दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. मी ओळीच्या सुरुवातीला गेले. काथ्याचा पट्टा तिथंच होता. चिठ्ठी पिवळी पडली होती आणि अजून कोरी होती.

"मामी, हा कुणाचा?"

"नाक्यावर एक कुत्रं हुतं म्हनं त्येंच्याजवळ," मामी म्हणाल्या. "काय झालं त्येचं, मलाबी कवा सांगितलं न्हाय. तुमास्नी कुनाला सांगितलं असंल, असं वाटलं मला. तुमच्याकडं जेवायला यायचं न्हवं दर रविवारी?"

मी नाही म्हणाले. ते खरंच होतं, पण मला तो रविवार लख्ख आठवत होता. ताटातली नळी, चंदगडची हनुवटी, आणि ताटाशेजारची रश्श्याची वाटी. मी रस्सा आणायला उठले तेव्हा त्यांची वाटी काठोकाठ भरलेली होती.